खरी नक्कल : ग्रीसच्या अवशेषांपासून अजिंठ्याच्या भिंतीपर्यंत

विषयाची जाहिरात वाचून काही जणांनी मला विचारलं, सर, जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांना ग्रीसच्या पडक्या देवळांशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला मला सगळं व्याख्यान लागणार आहे, पण सुरुवात आपण तहसील कचेरीतून करू.

तहसील कचेरीत नक्कल विभाग असतो. तुम्ही अर्ज करता, फी भरता, आणि काही दिवसांनी जुन्या फेरफाराचा कागद हातात येतो. त्यावर शिक्का असतो : ‘खरी नक्कल’. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण या दोन शब्दांइतकी कोड्यात टाकणारी गोष्ट मला पुस्तकांतही क्वचितच सापडली. नक्कल असेल तर ती खरी कशी? आणि खरी असेल तर तिला नक्कल का म्हणायचं? आपली भाषा याबाबतीत मोठी गमतीची आहे. नकली म्हणजे खोटं. नकलाकार म्हणजे करमणूक करणारा. परीक्षेत केलेली कॉपी म्हणजे गुन्हा. पण कोर्टात उभं राहायचं तर हातात पाहिजे ती खरी नक्कलच, कारण अस्सल कागद कुठे दप्तरात पडलेला असतो, वाळवी लागलेला असतो, किंवा नसतोच. अस्सल नसताना नक्कल साक्ष देते. आज मला एवढंच दाखवायचं आहे की चित्रांच्या इतिहासात असं वारंवार घडलंय, आणि त्याचं एक फार मोठं प्रकरण आपल्या दारात, जळगावपासून साठेक किलोमीटरवर घडलं.

आधी ग्रीस. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकात युरोपात ग्रीक अवशेषांच्या चित्रांचं वेड होतं. मोडके खांब, त्यांवर चढलेल्या वेली, मागे समुद्र किंवा डोंगर, संध्याकाळचा पिवळा उजेड, आणि पुढे एखादा मेंढपाळ. आजही हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. चीनमधल्या शेन्झेनजवळच्या दाफेन गावात अशी चित्रं हाताने रंगवून जगभर विकली जातात. लोकांना वाटतं की मूळ चित्रकार त्या अवशेषांसमोर बसला होता आणि आजचे कारागीर त्याची नक्कल करतात. प्रत्यक्षात बरेचदा मूळ चित्रकारही तिथे गेलेला नव्हता! इंग्रज चित्रकार टर्नर ग्रीसला कधीच गेला नाही. त्याने ग्रीक देवळं रंगवली ती दुसऱ्यांनी करून आणलेल्या रेखाटनांवरून. जर्मन चित्रकार कास्पार दाविद फ्रीडरिश याच्या नावावर सिसिलीतल्या अग्रिजेंतोच्या ग्रीक मंदिराचं एक चित्र आहे, साधारण १८३० चं. फ्रीडरिशने सिसिली पाहिलेली नव्हती. छापील चित्र समोर ठेवून त्याने ते केलं. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तेच नकलेवर उभं आहे.

सगळेच असे नव्हते. स्टुअर्ट आणि रेव्हेट हे दोघे इंग्रज १७५१ च्या सुमारास अथेन्सला गेले, खांब न् खांब मोजला आणि १७६२ मध्ये ‘अँटिक्विटीज ऑफ अथेन्स’चा पहिला खंड काढला. पुढे बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने कार्ल रॉटमान या चित्रकाराला १८३४ साली ग्रीसला धाडलं. त्या वेळी लुडविगचाच मुलगा ओटो नव्या स्वतंत्र ग्रीसच्या गादीवर होता. तेव्हा त्या निसर्गचित्रांत नुसता निसर्ग नव्हता, राजकारणही होतं. रॉटमानने रेखाटनं तिथे केली आणि मोठी चित्रं म्युनिकला परतल्यावर, अनेक वर्षं खपून. ती २३ आहेत.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती याही आधीची, १६७४ ची रेखाटनं. फ्रान्सचा वकील मार्की द न्वांतेल अथेन्सला गेला तेव्हा त्याच्याबरोबरच्या चित्रकाराने पार्थेनॉन मंदिरावरची शिल्पं कागदावर उतरवून घेतली. तो चित्रकार जाक कारे होता असं मानलं जातं. काम कलात्मक वगैरे नाही, भराभर केलेलं आहे. तेरा वर्षांनी, २६ सप्टेंबर १६८७ रोजी, व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पार्थेनॉनवर पडला. आत तुर्कांनी दारू साठवलेली होती. मंदिर मधोमध फुटलं. आज तिथल्या अनेक मूर्ती कुठे आणि कशा होत्या, हे आपण त्या साध्या रेखाटनांवरून सांगतो. अस्सल उडालं, नक्कल उरली. उरलेल्यातलं बरंचसं एल्गिनने १८०१ पासून पुढे लंडनला नेलं. तो वेगळा विषय आहे, आणि रागाचा आहे, म्हणून सोडतो.

आता ग्रीकांबद्दल बोलतोच आहोत तर प्लेटोला टाळता येणार नाही. प्लेटो ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात चित्रकाराची चांगलीच हजेरी घेतो. त्याचं म्हणणं, खरा पलंग म्हणजे पलंगाची कल्पना. सुतार त्या कल्पनेवरून पलंग बनवतो. चित्रकार सुताराच्या पलंगावरून चित्र काढतो. म्हणजे चित्रकार सत्यापासून तिसऱ्या पायरीवर. मग चित्रावरून चित्र काढणारा कितव्या पायरीवर? प्लेटोने त्याला नगरातच येऊ दिलं नसतं.

धुळेकरांना इथे एक आठवण द्यायला हवी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तरुणपणी प्लेटोच्या याच ग्रंथाचं मराठीत भाषांतर केलं होतं. ‘भाषांतर’ नावाचं मासिकही ते चालवत. त्याच राजवाड्यांनी पुढची सगळी हयात कशात घालवली? गावोगाव हिंडून दप्तरं शोधण्यात, मोडीतली पत्रं वाचून त्यांच्या नकला करण्यात. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, एकूण बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. प्लेटोचं भाषांतर करणारा माणूस नकलनवीस झाला! मला हा प्लेटोला दिलेला सगळ्यात चांगला जवाब वाटतो, जरी राजवाड्यांनी तो जवाब म्हणून दिला नसेल. नक्कल करताना माणूस दर अक्षरापाशी थांबतो. वाचणारा पुढे जातो, उतरवून घेणारा थांबतो. थांबल्यामुळे त्याला दिसतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. इंग्रज इथे आले ते ग्रीसची चित्रं डोक्यात घेऊनच. पुण्याच्या दरबारात सर चार्ल्स मॅलेट हा वकील होता. त्याच्याजवळ जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार होता, आणि गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा मराठी चित्रकार. सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही निघाली. गंगारामने वेरूळला जाऊन लेण्यांची चित्रं केली. मॅलेटने वेरूळवर लेख लिहिला त्याला आधार त्या चित्रांचा. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याची वेरूळची रेखाटनं लंडनला थॉमस डॅनियलच्या हाती गेली आणि १८०३ मध्ये त्यांवरून २४ पानांचा छापील चित्रसंच निघाला. डॅनियलने वेरूळ पाहिलेलं नव्हतं. पाहा, टर्नर आणि ग्रीसची तीच गोष्ट. त्या चित्रांतलं वेरूळही पाहा : काळा कातळ, वाढलेली झुडपं, कोपऱ्यात दोन माणसं. ग्रीक अवशेषांची चौकट तयारच होती, आत कैलास बसवलं.

गंमत अशी की ग्रीक त्याआधी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे येऊन गेलेलेच होते. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं १७ नंबरचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरवून घेतलंय, शिलालेखात स्पष्ट आहे. कार्ल्याच्या खांबांवरही यवनांची दानं कोरलेली आहेत. पण ते देणगीदार म्हणून आले होते, अवशेष रंगवायला नाही. तेव्हा लेणी अवशेष नव्हतीच, नवी होती.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. अजिंठा मात्र निजामाच्या मुलखात राहिला. घाट ही सरहद्द. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १८१९ ला, जॉन स्मिथ नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर आपलं नाव कोरलं. ते आज आपल्या डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा लेण्यात तेवढा गाळ-माती साचलेली होती आणि हा गृहस्थ तिच्यावर उभा होता. याला आपण ‘शोध’ म्हणतो. शोध लावणाऱ्याने पहिलं काम केलं ते चित्र असलेल्या खांबावर ओरखडा काढण्याचं. पुढचे पाहुणेही काही कमी नव्हते. मुंबईचे डॉ. बर्ड यांनी भिंतीवरच्या काही आकृती नमुना म्हणून सोलून काढल्या. हातात आला तो भुगा. कारण समजून घ्या. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यात मुरवलेली नाहीत. कातळावर माती, भुसा, तूस यांचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा हात, आणि कोरड्यावर रंग. ते कातळाला चिकटलेलं आहे तोवर आहे. सोललं की गेलं.

जेम्स फर्ग्युसनने १८३९ मध्ये लेणी पाहिली. १८४३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत निबंध वाचला आणि आग्रह धरला की ही चित्रं नष्ट होण्याआधी उतरवून घ्या. कंपनी सरकारने ऐकलं. १८४४ मध्ये मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलची नेमणूक झाली.

गिल १८०४ चा. म्हणजे तो आला तेव्हा चाळिशीचा होता, आणि हे काम त्याला दोन-तीन हंगामांचं वाटलं असेल. लागली जवळजवळ वीस वर्षं. अजिंठा गावातल्या बारादरीत त्याचा मुक्काम. तिथून लेणी काही जवळ नाहीत. वाटेत जंगल, वाघ, वर हिवताप. लेण्यांत वटवाघळं आणि आग्या मोहोळं. उजेड दिवसातून थोडाच वेळ आत येतो, तोही तिरपा. अशा ठिकाणी हा माणूस मोठमोठे कॅनव्हास उभे करून तैलरंगात भिंती उतरवत होता. पूर्ण झाली की चित्रं गुंडाळून लंडनला जात. अशी तीसेक चित्रं झाली. त्यांतली बहुतेक लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावण्यात आली, सगळ्या जगाने पाहावीत म्हणून. ३० डिसेंबर १८६६ रोजी क्रिस्टल पॅलेसच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. वीस वर्षं एका संध्याकाळीत गेली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं वाचली, ती इमारतीत नव्हती म्हणून.

आता यातला दुःखाचा भाग ऐका. जळालेल्या चित्रांचे फोटो काढून ठेवलेले नव्हते. नकलेची नक्कल कुणी केली नव्हती. अपवाद म्हणावा तर एका बाईच्या पुस्तकाचा. मिसेस स्पियर यांचं ‘लाइफ इन एन्शंट इंडिया’ १८५६ मध्ये निघालं होतं आणि त्यात गिलच्या काही चित्रांवरून लाकडाच्या ठशांची लहान लहान चित्रं घातलेली होती. करायची म्हणून केलेली, सामान्य वाचकांसाठी. भिंतीवरून गिलने, गिलवरून लंडनच्या चित्रकाराने, त्याच्यावरून ठसा कोरणाऱ्याने. प्लेटोची कितवी पायरी झाली ते तुम्ही मोजा. पण त्यातल्या काही आकृतींपुरती तीच साक्ष उरली. खरी नक्कल म्हणतात ती ही.

गिलने दरम्यान कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ मध्ये फर्ग्युसनने त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं लंडनला काढली. ‘रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’ त्यांतलं एक, त्यात ७४ छायाचित्रं आहेत. पण त्या कॅमेऱ्याला रंग कळत नव्हता, आणि अंधाऱ्या लेण्यातली भिंत तर त्याला जवळपास दिसतच नव्हती. खांब, दरवाजे, दर्शनी भाग यापलीकडे यंत्राचं काही चाललं नाही. भिंतीसाठी हातच लागत होता. आगीनंतरही गिल इथेच राहिला. १८७९ मध्ये तो वारला आणि त्याला भुसावळला पुरलं. होय, आपल्या भुसावळला. रेल्वेत नोकरी केलेली कितीतरी कुटुंबं आज इथे श्रोत्यांत असतील; तिथल्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानात तो आहे.

गिल म्हटलं की लगेच पारोचं नाव निघतं. अजिंठा गावात तिची कबर आहे. दगडावर तिचं नाव, १८५६ साल आणि पटकीने मृत्यू झाल्याची नोंद आहे. आपले ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ ही दीर्घकविता लिहिली, तीवरून २०१२ मध्ये सिनेमा झाला. कवितेबद्दल माझी तक्रार नाही, कवीला तो अधिकार आहे. पण त्यानंतर जे झालं ते मला खटकतं. मघाशी मी म्हणालो ना, ग्रीक अवशेषांच्या चित्रात पुढे एक मेंढपाळ किंवा एखादी बाई उभी केलेली असते? तिला स्वतःचं काही काम नसतं. अवशेष किती मोठे आहेत हे कळावं आणि चित्राला जरा गोडवा यावा म्हणून ती असते. आपण पारोचं तेच केलं. लेण्यांच्या चित्रात पुढे उभी केलेली एक सुंदर आकृती. आणि गिलचंही केलं : त्याची वीस वर्षांची हमाली विसरलो, त्याचं प्रेम लक्षात ठेवलं. सहलीला आलेल्या मुलांना विचारा, गिल कोण? ‘पारोचा साहेब.’ त्याने काय केलं? माहीत नाही. एका बाईच्या नावाचा दगड उन्हापावसात उभा आहे. तिला गोष्टीतली नायिका करण्याआधी त्या दगडाभोवतीचं गवत काढलं तरी पुष्कळ.

आगीनंतर पुन्हा काम सुरू व्हायला काही वर्षं गेली. १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. मधल्या खंडासकट १८८५ पर्यंत हे चाललं. या विद्यार्थ्यांकडे जरा लक्ष द्या. जे. जे. स्कूल १८५७ चं. तिथे विद्यार्थ्याला पहिलं काय काढायला देत? ग्रीक आणि रोमन मूर्तींचे प्लास्टरचे साचे. अपोलोचं डोकं, व्हीनसचं धड. म्हणजे तेही नकलाच, लंडनहून जहाजाने आलेल्या. त्यांवर हात बसला की मग बाकीचं. चित्रकलेच्या सरकारी परीक्षा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आपल्यापैकी कितीतरी जणांनी दिल्यात. त्यातल्या वस्तुचित्रणाची शिस्त मुळात त्या साच्यांपासून आलेली आहे. तर अपोलोवर घोटलेला हा हात अजिंठ्याच्या भिंतीसमोर आला, आणि अडला. इथे सावली टाकून गोलाई आणायची पद्धत वेगळी, बोटं वेगळी, डोळे वेगळे. नक्कल करता करता ग्रीक सवय सोडावी लागली. ग्रिफिथ्सनेही हे ओळखलं, आणि भारतीय विद्यार्थ्यांना शिकायला यापेक्षा चांगले नमुने नाहीत, अशी त्याची खात्री झाली. साचे मात्र जे. जे.मधून हलले नाहीत, ही आपली नेहमीची रीत.

सुमारे ३०० चित्रं झाली. मला त्यांतली एक गोष्ट फार आवडते. जिथे गिलावा पडलेला आहे, तिथे या मंडळींनी तो पडलेलाच दाखवलाय. चेहऱ्याचा अर्धा भाग नाही, तर नाही. ग्रीसच्या अवशेषांची चित्रं काढणारे पडझड सुंदर दिसावी म्हणून रंगवत. यांनी ती मोजून रंगवली. त्यामुळे आजची भिंत आणि त्यांचं चित्र शेजारी ठेवलं की दीडशे वर्षांत काय काय गेलं ते कळतं. भूमापनाच्या नकाशासारखा त्याचा उपयोग होतो. पण हेही सांगितलं पाहिजे की याच कामात भिंतींवर व्हार्निश फिरवलं गेलं, चित्र स्पष्ट दिसावं म्हणून. व्हार्निश पिवळं पडलं, काळवंडलं. मग १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटणारा गिलावा धरून ठेवला, पण लाखेचा हात दिला, तोही पुढे काळा झाला. नकलेसाठी मुळाला लावलेलं बोट असं शंभर वर्षं दिसत राहतं.

आणि नकलेचं काय झालं? १८८५ च्या जून महिन्यात लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये, जिथे ही चित्रं ठेवलेली होती, तिथे आग लागली. बरीच जळाली. उरलेली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, बहुतेक गुंडाळून ठेवलेली. ग्रिफिथ्सचे दोन भव्य खंड १८९६-९७ मध्ये छापून निघाले हे नशीब. वर नाव ग्रिफिथ्सचं. काढणाऱ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी हे नाव आज चित्रकलेच्या इतिहासात थोडंफार माहीत आहे, बाकीचे ‘विद्यार्थी’. तांबट, गिल, ग्रिफिथ्स यांच्यात कुणाचं नाव मुखपृष्ठावर येतं आणि कुणाचं तळटीपेत, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

तिसरी घटना जपानची. आराई काम्पो हे चित्रकार १९१७-१८ मध्ये अजिंठ्याला येऊन भिंती उतरवून घेऊन गेले. १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात ते काम नष्ट झालं. १८६६, १८८५, १९२३. यावरून आपल्याकडे शापाची कथा आहे; गाइड लोक ती रंगवून सांगतात. माझं म्हणणं साधं आहे. कापडाचे आणि कागदाचे मोठे ताव, लाकडी चौकटी, तेल, आणि गॅसचे दिवे असलेल्या इमारती. याला शाप लागत नाही, काडी लागते. शापाची गोष्ट सांगितली की प्रती वेगवेगळ्या जागी का ठेवल्या नाहीत, हा अवघड प्रश्न कुणी विचारत नाही.

जरा घराकडे वळतो. माझ्या आईवडिलांचा लग्नानंतर काढलेला एक फोटो आमच्याकडे आहे. वडील कोट-टोपीत खुर्चीवर, आई नऊवारीत शेजारी उभी. आणि मागे? पडद्यावर रंगवलेला ग्रीक खांब, अर्धा तुटका, त्यावर वेल, पलीकडे तळं. त्या काळी तालुक्याच्या गावच्या फोटो स्टुडिओतही असा पडदा असे. नाटक कंपन्यांचे राजवाड्याचे, बागेचे पडदे रंगवणारे पेंटर हेही काम करीत. आमच्या आईने ग्रीसचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण ती आयुष्यातल्या पहिल्या फोटोत ग्रीसच्या अवशेषांपुढे उभी राहिली! त्या पेंटरनेही कुठल्या तरी छापील चित्रावरूनच तो खांब उचलला असणार. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस यांनी तर टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून विलायती वाटावेत असे देखावे रचले आणि त्यांचे फोटो काढले. त्यांच्या घराचं नावच ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’. तिकडचे लोक न पाहता आपली लेणी रंगवत होते, आपणही न पाहता त्यांचे खांब रंगवले. फिटंफाट. आता लॉनवरच्या लग्नात थर्माकोलचे ग्रीक खांब असतात. ते मात्र मला सोसवत नाहीत, वयाचा परिणाम असेल.

आणखी एक उतारा सांगतो, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार बाई अजिंठ्याला आल्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून तरुण मंडळी आली, नंदलाल बोस, असितकुमार हलदर वगैरे. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन. या वेळी पद्धत वेगळी होती. पातळ कागदावर रेषा उतरवायची, मग जलरंग. त्यांचं पुस्तक १९१५ मध्ये निघालं. नंदलाल तेव्हा तिशीच्या आतले. तंबूत राहायचं, दिवसभर एकेका बोटाची रेषा गिरवायची.

पंचवीसेक वर्षांनी तेच नंदलाल बोस पुन्हा आपल्या भागात आले. डिसेंबर १९३६, फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल. गांधीजींनी सजावटीचं काम नंदलालांवर सोपवलं आणि अट घातली, स्थानिक साहित्य वापरा, खेड्यातले हात वापरा. तिलकनगर उभं राहिलं ते बांबूचं, चटयांचं. तिथे अजिंठ्याची एकही आकृती डकवलेली नव्हती. ज्याने उमेदीच्या वयात ती भिंत रेष न् रेष गिरवली, त्याला फैजपूरला ती उतरवायची गरज पडली नाही. गांधीजींनी तिथल्या भाषणात नंदलालांच्या कामाचं तोंड भरून कौतुक केलं. अधिवेशन संपलं, बांबू सोडले. प्लेटोच्या पायऱ्या इथे कशा मोजायच्या, हे मला खरंच सांगता येत नाही. माझे विद्यार्थी हा प्रश्न विचारायचे तेव्हा मी त्यांना फैजपूरला जाऊन या म्हणत असे.

शेवटी आजचं. अजिंठ्याच्या लेण्यांत आता दिवे मंद, गर्दी ठरावीक, कारण माणसाचा श्वास आणि घाम भिंतीला सोसत नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेचं हेच झालं. त्यांनी १९६३ मध्ये मूळ गुहा लोकांना बंद केली आणि १९८३ मध्ये शेजारी हाताने रंगवलेली प्रतिगुहा उघडली. लोक रांगा लावून ती बघतात. आपल्याकडेही हे झालंय, हे पुष्कळांना माहीत नाही. फर्दापूरच्या पायथ्याशी पर्यटक केंद्र उभारून त्यात १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. २०१३ मध्ये ते सुरू झालं. काही वर्षांत वीज आणि पाण्याच्या थकबाकीवरून ते बंद पडलं. या वेळी आग नाही, भूकंप नाही. बिल भरलं गेलं नाही. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी सहल नेताना फर्दापूरला गाडी थांबवून ते उघडं आहे का विचारा, दरवेळी विचारा, लेखी विचारा. आणि परतताना अर्धा तास भुसावळला. मुलांना वही-पेन्सिल घेऊन जाऊ द्या, मोबाईल नाही. पद्मपाणीच्या हाताची पाच बोटं काढायला सांगा, कशी का येईनात.

आता प्रश्न घेऊ.